मुलांच्या अभियांत्रिकी स्पर्धा : मोठ्यांचा हात कुठे थांबावा?

पोपटी_खडू (धागालेखिका)

वडोदऱ्यात मांजलपूर भागातल्या आमच्या सोसायटीत सहावी ते आठवीच्या सात मुलांचा एक गट आहे. शाळा चार, माध्यमे दोन; घरी मराठी, खाली उतरल्यावर गुजराती. शाळा आणि ट्यूशन संपवून ही मुले संध्याकाळी सहा ते साडेसात कॉमन प्लॉटशेजारच्या खोलीत जमतात. गेल्या वर्षी त्यांनी टेबलावर रोबो चालवण्याच्या एका आंतरशालेय स्पर्धेत भाग घेतला. त्या वेळी आमच्याकडून जे घडले ते आधी सांगते आणि मग प्रश्न विचारते.

रोबोने सरळ जायचे, डावीकडे वळायचे आणि एक दांडा ढकलून परत यायचे, एवढेच काम होते. सातवीतल्या एका मुलीने त्याचा प्रोग्राम लिहिला होता. चाकाचे किती फेरे झाले हे मोजून ती रोबोला वळवत असे, आणि दहापैकी तीनदा काम जमत असे. स्पर्धेच्या आदल्या रात्री मुले घरी गेल्यावर माझ्या यजमानांनी, जे एका कारखान्यात नियंत्रणयंत्रणेचेच काम पाहतात, लॅपटॉप उघडला. वळण मोजण्यासाठी त्यांनी जायरो (रोबो किती अंश वळला हे सांगणारा संवेदक) वापरला आणि रात्री साडेअकरापर्यंत रोबो दहापैकी आठदा बरोबर जाऊ लागला. मी चहा करून दिला, त्यामुळे मीही तितकीच दोषी आहे.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी विचारले, "वळणासाठी जायरो घ्यावा असे तुम्हाला का वाटले?" सातही मुले गप्प राहिली. शेवटी सर्वांत धाकटा म्हणाला, "तो काकांनी रात्री बसवला." परीक्षक हसले आणि त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. बक्षीस मिळाले नाही, त्याचे काही वाटले नाही. परतताना मात्र गाडीत त्या मुलीने मला विचारले, "काकू, माझा प्रोग्राम चुकीचा होता का?" मला उत्तर देता आले नाही.

यंदा हीच मुले रोबोबरोबर आइस्क्रीमच्या काड्यांच्या पुलाच्या स्पर्धेतही उतरणार आहेत. मदत अजिबात करायची नाही, हेही मला पटत नाही. ज्यांनी अशा संघांबरोबर काम केले आहे, त्यांनी ही रेषा कुठे आखली, हे कृपया सविस्तर लिहावे.

लेथवाला

पोपटी खडू ताई, त्या मुलीला सांगा की तिचा प्रोग्राम चुकीचा नव्हता, अपुरा होता. कारखान्यात या दोन गोष्टी वेगळ्या मानतात.

दहापैकी तीनदा जमणे ही माहिती आहे. उरलेल्या सात वेळा रोबो नेमका कुठे गेला, हे कोणी खडूने टेबलावर खुणा करून पाहिले होते का? सातही खुणा एकाच बाजूला पडल्या असतील तर आकडा चुकला आहे आणि तो बदलला की काम होते. खुणा चहूकडे विखुरल्या असतील तर आकडा कितीही बदलला तरी उपयोग नाही; चाक घसरते आहे, बॅटरी उतरते आहे किंवा सुरुवातीला रोबो दर वेळी निराळ्या कोनात ठेवला जातो आहे. वळणात फक्त १ अंशाची चूक झाली, तर १ मीटर पुढे गेल्यावर रोबो सुमारे १७ मिलिमीटर बाजूला असतो, आणि दांडा चुकायला तेवढे पुरते. हे गणित सातवीच्या मुलांना त्रिकोणमिती न शिकवताही पट्टी आणि कोनमापक देऊन अर्ध्या तासात दाखवता येते. जायरो लागेल की रोबोची पाठ भिंतीला टेकवून सरळ करून घेतली तरी भागेल, हे त्या खुणा पाहून मुलांनीच ठरवले असते. भिंतीला टेकवणे हा फुकटचा उपाय आहे आणि अनुभवी संघ तो सर्रास वापरतात.

मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, बत्तीस वर्षे काढली. पहिल्या वर्षी आमचे उस्ताद लेथजवळ हात पाठीमागे बांधून उभे राहत. मी हत्यार चुकीच्या उंचीवर बांधले की त्यांना ते लगेच दिसे, पण ते फक्त "आवाज ऐक" एवढेच म्हणत. जॉब बिघडे, ते तो व्हर्नियर लावून माझ्याकडूनच मोजून घेत आणि बिघडलेला जॉब माझ्याच टेबलावर आठवडाभर ठेवून देत. मात्र चकची, म्हणजे जॉब धरून फिरणाऱ्या पकडीची, चावी चकमध्येच विसरून मी यंत्र चालू करू लागलो, तेव्हा त्यांनी माझा हात असा धरला की मनगट दोन दिवस दुखत होते. त्यांचा हात कुठे थांबायचा आणि कुठे थांबायचा नाही, हे मला तेव्हा कळले.

शंकासुर

सर्वांच्या भावना उदात्त आहेत, पण थोडे वास्तवही पाहावे. माझ्या पुतण्याच्या स्पर्धेत एका संघाचे प्रतिरूप एका क्लासवाल्याने बनवून दिले होते. मुलांनी फक्त मागचे भाषण पाठ केले होते. त्या संघाला दुसरे बक्षीस मिळाले. यजमानांनी रात्री लॅपटॉप उघडला, यात नवल ते काय? समोरचाही उघडतोच. शिवाय रोबोचा संच हजारो रुपयांचा, त्यावर सुटे भाग, त्यावर नोंदणी. मला तरी ही मुलांपेक्षा पालकांच्या पगारांची स्पर्धा वाटते.

पंचाची_शिट्टी

मी काही वर्षे वेगवेगळ्या स्पर्धांत परीक्षक म्हणून बसलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मोठ्यांचा हात कुठे थांबावा याचे एकच उत्तर नाही, कारण स्पर्धा मांडणाऱ्यांनीच ते वेगवेगळे दिले आहे. 'ओडिसी ऑफ द माइंड' ही १९७८ साली अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये सुरू झालेली स्पर्धा घ्या. तिथे बाहेरच्या व्यक्तीने उपाय सुचवणेही नियमबाह्य आहे. पालकांनी रंग द्यायचा नाही, शिवायचे नाही, "हे असे करून पाहा" असेही म्हणायचे नाही. दुसऱ्या टोकाला 'फर्स्ट' संस्थेची मोठ्या मुलांची रोबोस्पर्धा आहे. डीन केमन यांनी १९८९ मध्ये ही संस्था स्थापन केली आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांनिशी पहिली स्पर्धा झाली. तिथे कारखान्यातले अभियंते मुलांच्या खांद्याला खांदा लावून काम करतात, आणि ती लबाडी समजली जात नाही. मुलाने खरा अभियंता जवळून काम करताना पाहावा, हाच तिचा हेतू आहे. तिच्या जडणघडणीत अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांचा मोठा वाटा होता. ते विद्यापीठात यंत्ररचनेचा एक अभ्यासक्रम चालवीत. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याला सुट्या वस्तूंची सारखीच पिशवी मिळे आणि तीतूनच यंत्र बनवून इतरांच्या यंत्राशी भिडवावे लागे. श्रीमंतासही तीच पिशवी आणि गरिबासही तीच. शंकासुर, तुमच्या पगाराच्या मुद्द्यावर मला ठाऊक असलेले सर्वांत चांगले उत्तर हेच आहे.

आता धाकट्या मुलांची 'फर्स्ट लेगो लीग'. ताईंनी वर्णन केलेली स्पर्धा त्याच धर्तीची दिसते. तिथे रोबोला १५० सेकंद मिळतात, अधिकृत फेऱ्या तीन होतात आणि त्यांतली सर्वांत चांगली धरली जाते. रोबो 'घरा'बाहेर, म्हणजे टेबलावरच्या सुरुवातीच्या जागेबाहेर, पडल्यावर त्याला हात लावून अडवले तर हातातल्या सहा टोकनांपैकी एक जाते, म्हणजे मुलांच्या स्वतःच्या हातालाही तिथे दंड आहे! अनेक पालकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की रोबोच्या या गुणांना एकूण मूल्यमापनात चौथा हिस्साच मिळतो. उरलेले तीन हिस्से रोबोची रचना, संशोधनाचा प्रकल्प आणि संघाची वागणूक यांना जातात, आणि हे तिन्ही मुख्यतः परीक्षकांच्या खोलीत, मुलांशी बोलून ठरते. रात्री साडेअकरा वाजता मिळवलेले गुण सकाळी त्या खोलीत पाण्यात जातात, ते यामुळे.

परीक्षकाला कळते कसे, असे पुष्कळ जण विचारतात. आम्ही "हे कसे चालते?" असे फारसे विचारत नाही, कारण ते पाठ करता येते. आम्ही विचारतो, "याच्या आधी काय बनवले होते? ते का टाकून दिले?" ज्यांनी काम स्वतः केलेले असते ती मुले या प्रश्नावर एकमेकांना तोडून बोलू लागतात आणि त्यांच्यात भांडणही लागते. एकदा एका मुलाने खिशातून तुटलेला प्लास्टिकचा दात काढून दाखवला; त्यांच्या दातेरी चाकाचा तो दात आठवडाभर त्याच्या खिशात होता. त्यांचा रोबो त्या दिवशी अर्ध्या वाटेत थांबला होता, तरी रचनेचे गुण आम्ही त्यांना हात न आखडता दिले.

शंकासुरांनी सांगितलेला प्रकार घडतो, नाकारत नाही. जिथे परीक्षक टेबलांवरून दोन-दोन मिनिटांत फिरून जातात, तिथे तो हमखास घडतो. त्यामुळे स्पर्धा निवडतानाच परीक्षक मुलांशी किती वेळ बोलतात, हे विचारून घ्यावे. बक्षिसाच्या रकमेपेक्षा मला ही चौकशी महत्त्वाची वाटते.

शंकासुर

पिशवीचा मुद्दा आवडला. बाकी शंका कायम आहेत.

नववी_ब

मी स्वतः नववीत आहे आणि दोन वर्षे संघात होतो. येथे सर्व मोठी माणसे बोलत आहेत, म्हणून आमची बाजू लिहितो.

आमच्या मार्गदर्शकांनी पहिल्या वर्षी ठरवले होते की ते काहीच सांगणार नाहीत. काहीही विचारले की "स्वतः शोधा" हे उत्तर ठरलेले. आमचा पूल प्रत्येक वेळी सांध्यात सुटत होता. तीन आठवडे आम्ही सांध्याची रचना बदलत राहिलो, काड्या वाढवत राहिलो. नंतर शाळेतल्या सुतारकाकांनी पूल हातात घेऊन विचारले, "फेविकॉल किती वेळ वाळू दिला?" आम्ही दोन तासांत वजन लावत होतो. ते म्हणाले की दाब देऊन एक दिवस ठेवावा लागतो. ही गोष्ट बाटलीवर वाचूनही कळली असती, पण आम्हाला वाचायचे सुचले नाही, आणि तीन आठवडे गेले. यातून आम्ही काही शिकलो असे मला वाटत नाही. आम्हाला फक्त राग आला.

दुसऱ्या वर्षीच्या ताई वेगळ्या होत्या. गोंद किती वेळात वाळतो, मोटर किती करंट घेते, कोणता स्क्रू कुठे मिळतो, हे त्या लगेच सांगत. पण "मग आम्ही त्रिकोण मोठे घेऊ की लहान?" असे विचारले की "तुम्हाला काय वाटते, आणि ते कसे तपासाल?" एवढेच म्हणत. माहिती विचारली की मिळायची, निर्णय मात्र आमच्यावर सोडलेला असायचा. आम्हाला हे चालले.

आणखी एक. मोठी माणसे शेजारी बसून श्वास ओढतात, तेही आम्हाला ऐकू येते. चूक होणार आहे हे त्या आवाजावरूनच समजते. मग आम्ही काम सोडून त्यांच्या तोंडाकडे पाहू लागतो.

लेथवाला

शेवटचा परिच्छेद वाचून घरी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मान्य आहे, मी श्वास ओढतो.

आजोळ

मी दांडिया बाजारात राहते. वय झाले आहे, म्हणून थोडे जुने सांगते. आमचे आजेसासरे कलाभवनात शिकले होते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ते काढले, पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर होते, आणि पुढे तेच आपल्या विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत वाढले. आजेसासऱ्यांची रेखाटनाची एक वही पुष्कळ वर्षे घरात होती. तिच्यात पानोपानी एकाच कपलिंगची (दोन दांडे जोडणाऱ्या भागाची) चित्रे होती. प्रत्येकावर शिक्षकांची तांबड्या शाईची फुली होती, पण शिक्षकांनी स्वतः काढलेली एक रेघसुद्धा कुठे नव्हती. फुली आहे आणि दुरुस्ती नाही, याचे मला तेव्हा नवल वाटे.

दुसरी गोष्ट उत्तरायणाची. माझ्या मुलाचे किन्ने (पतंगाच्या कण्या) त्याचे वडील बांधून देत आणि त्याचा पतंग उत्तम उडे. शेजारच्या मुलाचे वडील कामावर असत, म्हणून तो स्वतः बांधी, आणि त्याचा पतंग गोल गोल फिरून गच्चीवरच पडे. १४ जानेवारीला दुपारी वारा पडला, तेव्हा त्या मुलाने किन्ना सोडून गाठ बोटभर वर सरकवली आणि पतंग पुन्हा चढवला. माझा मुलगा मात्र वडील खालून वर येण्याची वाट पाहत फिरकी धरून बसला. चांगला बांधलेला किन्नासुद्धा वारा बदलला की पुन्हा बांधावा लागतो, हे त्याला कुणी कळूच दिले नव्हते. 'कुणी' म्हणजे आम्हीच.

शंकासुर

आजी, वहीची गोष्ट पटली. पण एक व्यवहारी प्रश्न उरतो. गरम गोंदाची बंदूक, कटर, सोल्डरिंग, ड्रिल यांचे काय? तिथेही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे का? आमच्या ओळखीत एका मुलाच्या तळव्यावर गरम गोंद पडला आणि फोड महिनाभर भरला नाही. "मुलांनी स्वतः केले पाहिजे" हे वाक्य तेव्हा कोणाच्याही तोंडून निघाले नाही.

पंचाची_शिट्टी

रास्त प्रश्न आहे. मला माहीत असलेल्या चांगल्या संघांत धोकादायक काप मोठी माणसे करून देतात, पण मोजमाप आणि खूण मुलांची असते. मुलाने रेघ चुकीच्या जागी मारली असेल, तर काप चुकीच्या जागीच पडतो आणि लाकूड वाया जाते. परीक्षकांनी विचारले, तर "काप दादाने दिला, खूण आमची होती" असे सांगण्यात काहीच कमीपणा नाही.

शिवाय शाळेत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा असेल, तर तिची वेळ संध्याकाळी मागून पाहावी. नीती आयोगाच्या या योजनेत निवडलेल्या शाळेला उभारणीसाठी १० लाख आणि पुढे चालवण्यासाठी जास्तीत जास्त ५ वर्षांत १० लाखांपर्यंत अनुदान मिळते. ती सहावी ते बारावीच्या मुलांसाठी आहे. सोल्डरिंग, थ्रीडी प्रिंटर, हत्यारे आणि देखरेखीला शिक्षक, असे सगळे एका जागी असते. खंत एवढीच की काही ठिकाणी ती खोली पाहुणे आल्यावरच उघडते.

लेथवाला

पुलाच्या रचनेबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. पण नववी_ब च्या नियमात राहून, म्हणजे माहिती देतो, निर्णय देत नाही.

मुलांना एक अख्खी काडी उभी धरून वरून बोटाने दाबायला सांगा. ती मोडण्याआधी धनुष्यासारखी वाकेल. आता तीच अर्धी करून दाबू द्या. दाबाखालची काडी केवढ्या भाराला वाकेल, हे तिच्या लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात असते. लांबी निम्मी केली की चौपट भार लागतो. हा नियम मांडणाऱ्या गणितज्ञ ऑयलरचे नाव नंतर सांगितले तरी चालेल, आधी बोटाला कळू द्यावे. पुढे दोन काड्या सपाट बाजूंनी चिकटवून तोच प्रयोग करावा. वजन दुप्पट होते, पण गोंद पक्का बसला असेल तर जाडीच्या दिशेने वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो. ओढली जाणारी काडी मात्र वाकत नाही, तिथे एकच पुरते. तिथे जपायचा तो सांधा. पुलातली कोणती काडी दाबली जाते आणि कोणती ओढली जाते, हे ओळखण्यासाठी मुलांनी तिच्या जागी दोरा लावून पाहावा. दोऱ्यावर भागले तर ती ओढली जात होती, आणि दोरा सैल पडून पूल बसला तर दाबली जात होती.

बहुतेक स्पर्धांत पुलाने पेललेला भार भागिले पुलाचे स्वतःचे वजन असा गुण काढतात. त्यामुळे जिथे नको तिथे लावलेली प्रत्येक काडी गुण खाते. हे गणित एकदा कळले की मुले स्वतःच काड्या काढू लागतात, आणि त्या वेळी आपण खोलीबाहेर चहा प्यायला जावे. श्वास ओढण्याची सोयही तिथे होते.

एक पूल स्पर्धेसाठी आणि निदान तीन मोडण्यासाठी असावेत. मोडताना फोनवर संथ चित्रण करावे. पहिली कोणती काडी गेली हे डोळ्यांना दिसत नाही, कारण एक गेल्यावर बाकीच्या पापणी लवण्याआधी जातात.

पोपटी_खडू (धागालेखिका)

सर्वांचे आभार. काल संध्याकाळी हा धागा मी यजमानांना वाचून दाखवला. सुरुवातीला ते थोडे दुखावले. त्यांचे म्हणणे असे की त्या रात्री मुलांची निराशा टळावी एवढाच त्यांचा हेतू होता, आणि ते खरेच आहे. नंतर त्यांनी लॅपटॉप काढला आणि गेल्या वर्षीच्या संचातून जायरोचा भाग काढून त्या मुलीचा जुना प्रोग्राम शोधून पुन्हा घातला. तो त्यांनी पुसला नव्हता, हे मला माहीत नव्हते.

आज मुले आल्यावर त्यांनी फक्त खडू दिला आणि रोबो वीस वेळा सोडायला सांगितले. वीसपैकी सोळा खुणा टेबलाच्या एकाच बाजूला पडल्या. ती मुलगी बराच वेळ त्या खुणांकडे पाहत राहिली, मग रोबो उलटा करून तिने डाव्या चाकाचे रबर बोटाने ओढले. ते चाकावर सैल झाले होते. "हे घसरतंय," ती म्हणाली, "पण मग उरलेल्या चार का नाही गेल्या?" यजमान काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात मी त्यांना चहासाठी वर बोलावले.

मदतीची रेषा सध्या आम्ही नववी_ब, लेथवाले काका आणि पंचाची_शिट्टी यांच्या सांगण्यावरून आखली आहे : माहिती विचारली तर द्यायची, काप मोठ्यांनी द्यायचा, खूण मुलांची, आणि मुले खोलीत नसताना कोणत्याही वस्तूला हात लावायचा नाही. शेवटचे कलम यजमानांनी स्वतः सुचवले. शंकासुर, गरम गोंदाची बंदूक कपाटात आहे आणि चावी माझ्याकडे आहे.

नववी_ब

चार खुणा वेगळ्या का, हे कळल्यावर येथे लिहा. माझा अंदाज आहे, पण सांगत नाही.

लेथवाला

माझाही आहे. मीही सांगत नाही.

पोपटी_खडू (धागालेखिका)

पहिला पूल येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता कॉमन प्लॉटमध्ये मोडायचा आहे. बादली आणि वजनकाटा आमच्याकडे आहे. कोणाच्या घराचे बांधकाम चालू असेल, तर वीस किलो कोरडी वाळू हवी आहे.

शंकासुर

आमच्या गच्चीवर जलरोधनाचे काम चालू आहे. वाळू घेऊन येतो. पूल मोडताना पाहायला मिळावा, एवढीच अट आहे.